दिल्ली चार दिवसांत, सोबत त्र्याहत्तर वर्षांची आत्या. इंडिया गेटवर नाव कुठल्या बाजूला शोधायचं?

गिरणवाली, सातारा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावून विचारतेय, सांभाळून घ्या.

आमची साताऱ्यात पिठाची गिरण आहे. बारा वर्षांत घरातली लग्नं-मयतं सोडली तर दोन दिवसांच्या वर कधी बंद ठेवलेली नाही. आता फेब्रुवारीच्या शेवटी आठवडाभर पट्टा उतरवून ठेवतेय आणि दिल्लीला निघालेय. मी, आमचे हे, नववीतला पोरगा आणि माझी आत्या. गोवा एक्स्प्रेसची तिकिटं झाली आहेत. आमच्या स्टेशनात ती भर रात्री येते, म्हणजे रात्री बसायचं, मधला अख्खा दिवस गाडीत, परत एक रात्र, आणि मग हजरत निजामुद्दीन. हातात दिवस चार, त्यातला एक सोमवार.

पोराने वहीत यादी केली आहे. एकोणीस ठिकाणं. लाल किल्ला, कुतुबमिनार, अक्षरधाम, राष्ट्रपती भवन, हुमायूनची कबर, जंतरमंतर, पराठेवाली गल्ली, पुढचं मी वाचलंच नाही. ह्यांना फक्त संसद बाहेरून बघायची आहे आणि दुपारी झोपायचंय.

आत्याचं एकच आहे. तिचे यजमान, आम्ही त्यांना मामा म्हणतो, मी काही त्यांना बघितलेलं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते, १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशच्या लढाईत जमालपूरला कामी आले. लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि सगळ्या रजा मिळवून दोघांचा संसार अडीच महिन्यांचा. आत्याने तो दिवसांत मोजून ठेवलाय. दर २६ जानेवारीला टीव्हीवर इंडिया गेट दाखवायचे, पंतप्रधान टोपी-फेट्यात येऊन उभे राहायचे, तेव्हा आत्या हातातलं काम खाली ठेवून नमस्कार करायची आणि म्हणायची, "तितं नाव हाय त्यांचं." कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कुणालाच माहीत नाही.

तर प्रश्न असे. इंडिया गेटवर नाव कुठल्या बाजूला शोधायचं? खालून वाचता येतं का, तिच्या चष्म्याचा नंबर मोठा आहे. जवळ जाऊन हात लावू देतात का? आत्याचे गुडघे गेलेत, जिना चढते पण उतरताना रडकुंडीला येते, तर मेट्रो जमेल का? आणि पोराच्या एकोणीसमधली कुठली खोडू?

मेट्रोबाज

ताई, सोमवारचं बघा आधी. लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल आणि बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर उघडी असतात, ती सोमवारी टाका. मेट्रो आरामात जमेल, लिफ्ट आहेत. पहिला डबा बायकांचा असतो, तुम्ही आणि आत्या त्यात चढा, पुरुषमंडळींना मागे पाठवा, फक्त कुठल्या स्टेशनवर उतरायचं ते आधी ठरवून घ्या. आमची चुकामूक झालेली, आई राजीव चौकात आणि बाबा पुढे गेलेले. राजीव चौक म्हणजे स्वारगेट दिवाळीत.

अक्षरधामला मोबाइल आत नेऊ देत नाहीत. पोराला आधीच सांगून ठेवा, गेटवर रडारड नको.

सुभेदार (निवृत्त), नागठाणे

ताई, एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, कारण तिथं गेल्यावर कळलं तर म्हातारीला जास्त लागेल.

इंडिया गेटवर १९७१ ची नावं नाहीत. ती कमान इंग्रजांनी बांधली. पाया १९२१ ला, उद्घाटन १९३१ ला. तिच्यावर कोरलेली तेरा हजारांच्या वर नावं पहिल्या महायुद्धातल्या आणि नंतरच्या अफगाण लढाईतल्या शिपायांची आहेत. आपल्याकडचे तेव्हाही पुष्कळ गेले. एकट्या अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले, गावात स्तंभ आहे, तुम्हाला माहीत असेलच.

तुमच्या आत्या टीव्हीवर बघायच्या ती कमानीखालची अमर जवान ज्योत. ती मात्र ७१ च्या लढाईनंतरची. २६ जानेवारी १९७२ ला सुरू झाली. काळा चौथरा, त्यावर उलटी रायफल आणि रायफलीवर हेल्मेट. आता ती ज्योतही तिथं नाही. जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत मिळवली.

मामांचं नाव असणार त्या युद्ध स्मारकात. इंडिया गेटच्या मागच्या अंगाला, चालत जाण्याच्या अंतरावर. २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं. म्हणजे हिशेब करा, ७१ पासून २०१९ पर्यंत, ४८ वर्षं. तोवर देशासाठी पडलेल्या आपल्या सगळ्या जवानांची नावं एका जागी अशी दिल्लीत नव्हतीच.

रचना चक्रव्यूहासारखी आहे, एकात एक चार चक्रं. मधोमध अमर चक्र, तिथं ज्योत. मग वीरता चक्र. तिसरं त्याग चक्र, तुम्हाला हवं ते हे. ग्रॅनाइटच्या भिंती, एकेका जवानाच्या नावाची एकेक वीट, पंचवीस हजारांच्या वर. सगळ्यात बाहेर रक्षक चक्र, म्हणजे झाडं. उगाच भिंतीभिंतीने फिरू नका, माणूस चक्रावतो. नाव शोधून द्यायची तिथं सोय आहे, भिंत कुठली ते कळतं. एकाच नावाचे चारपाच निघतात, आपल्याकडची नावं तुम्हाला माहीत आहेत. म्हणून पलटण, हुद्दा आणि तारीख कागदावर लिहून न्या. प्रवेश फुकट आहे.

आणखी एक. तिथं संध्याकाळी एका हुतात्म्याच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं. आयत्या वेळी होत नाही. साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन उद्याच विचारा.

गलाईवाला विटेकर, दिल्ली

सुभेदारसाहेबांनी मुख्य ते सांगितलं, मी बाकीचं सांगतो. मी खानापूर तालुक्यातला, दिल्लीत बावीस वर्षं झाली. आमचा गलाईचा धंदा. साताऱ्याच्या लोकांना सांगावं लागत नाही, पण पोराला सांगा. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातला चुरा, झाडलोटीतली धूळ, सगळं मुशीत घालून टाकणखार टाकून वितळवायचं, शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढायची. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, इकडच्या पोरांनी दुष्काळाला कंटाळून हा धंदा धरला आणि भारतभर गेली. चांदणी चौकात कूचा महाजनी म्हणून सराफी गल्ली आहे, तिथं उभं राहून जोरात "आरं" म्हणा, दोनतीन माना वळतील.

ताई, एकोणीसातली पाच ठेवा. खरं तर चारच.

पहिल्या दिवशी काहीच ठरवू नका. सकाळी उतराल, अंग आंबलेलं असेल, झोपा. दुपारी चार वाजता युद्ध स्मारक. तेच आधी करा, शेवटच्या दिवसावर टाकू नका. मी पाहुणे बघतो ना, सगळ्यात महत्त्वाचं शेवटी ठेवतात आणि शेवटच्या दिवशी कुणाचं तरी पोट बिघडतं. मेट्रोने केंद्रीय सचिवालयापर्यंत या आणि पुढे रिक्षा करा. नकाशात जवळ दिसतं, पण कर्तव्य पथ म्हणजे पूर्वीचा राजपथ, तो आत्यांच्या गुडघ्यांचा रस्ता नाही.

लाल किल्ला एका सकाळी, दार उघडताच. लाहोरी दरवाजातून आत गेलात की छत्ता चौक लागतो, छपराखालचा बाजार, तिथं पोराला काही घेऊन देऊ नका, बाहेर निम्म्यात मिळतं. सरळ दिवाण-ए-खास गाठा. पांढऱ्या संगमरवराचे खांब आहेत, त्यात खडे बसवलेली वेलबुट्टी, बरेच खडे उकरून नेलेले. मयूर सिंहासन १७३९ मध्ये नादिरशहा घेऊन गेला हे पोराने पुस्तकात वाचलं असेल. पण मान वर करून छत बघा. आत्ताचं लाकडी आहे, रंगवलेलं. आधी तिथं चांदी होती. १७६० मध्ये, पानिपतच्या आधी, सदाशिवरावभाऊंनी ती उतरवली आणि वितळवून नाणी पाडली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळे कोरीवकाम बघत होते आणि मी मनात हिशेब करत होतो, एवढ्या पत्र्याला किती मुशी लागल्या असतील, कोळसा किती, घट किती धरली असेल. आपल्या लोकांनी दिल्लीत केलेली पहिली मोठी गलाई म्हणा की.

किल्ल्यासमोरच चांदणी चौक. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्या आत सोडत नाहीत, सायकलरिक्षा करा, आत्या राणीसारख्या जातील. फेब्रुवारीत असाल तर दौलत की चाट खा. नाव चाट असलं तरी गोड आहे, दुधाचा फेस, थंडीतच मिळतो, तोंडात घातला की गायब. माझी आई म्हणाली होती, "ह्याचं पैसं दिलंस?"

जेवायला आणि टेकायला बंगला साहिब गुरुद्वारा. डोकं झाकायचं, चपला काढायच्या, लंगरमध्ये पंगतीला बसायचं. सरोवराकाठी तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही. दिल्लीत फुकट आणि शांत बसायची अशी जागा दुसरी मला तरी सापडलेली नाही.

स्टेशनबाहेर कुणी म्हणालं की तुमचं हॉटेल बंद झालंय किंवा अमुक सरकारी ऑफिसात चला, तर कानावर घेऊ नका. आणि "फक्त बघायला" म्हणून रिक्षावाला दुकानात नेऊ लागला तर उतरा.

शेवटचं. करोलबागेत आमचं घर आहे, एक दिवस जेवायला यायचं. नाही म्हणू नका, इकडं आपली माणसं दिसत नाहीत.

तासगावचा बेदाणा

विटेकर, "पहिली गलाई" वाचून हसलो, पण पोराला एवढंच सांगू नका. भाऊंच्या फौजेला तेव्हा खायला नव्हतं, उत्तरेतून येणारा वसूल आटला होता, म्हणून ती चांदी उतरवली. हौस म्हणून नाही.

आणि गिरणवाली ताई, साताऱ्याचं आणि दिल्लीचं नातं ह्याच्याही आधीचं. महाराणी येसूबाई १६८९ मध्ये रायगड पडल्यावर मोगलांच्या हाती लागल्या, त्या १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीहून साताऱ्याला आल्या. तीस वर्षं. समाधी तुमच्याच माहुलीला आहे. दिल्लीला जाताना तुमचं स्टेशन माहुलीकडेच लागतं, पोराला रिक्षातून दाखवा.

तालकटोराही दाखवा म्हणतो. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीवर चालून गेले, तेव्हा त्या भागात झटापट झाली होती. आता बाग आणि स्टेडियम आहे, बघण्यासारखं फार नाही, पण उभं राहून येता येतं.

गिरणवाली, सातारा

सगळ्यांचे आभार. सुभेदारसाहेब, तुमचं वाचून हात थांबला माझा. दळण जळलं, खोटं नाही. आत्याला अजून सांगितलेलं नाही, कसं सांगायचं ते बघते. सैनिक कल्याणमध्ये जाऊन आले, आता फार उशीर झालाय म्हणाले, तरी अर्ज घेतला.

विटेकर, आमचे हे म्हणतात अनोळखी माणसाकडे जेवायला कसं जायचं. मी म्हटलं, विट्याचा माणूस अनोळखी कसा? काय आणू ते सांगा.

गलाईवाला विटेकर, दिल्ली

गिरण आहे म्हणता आणि काय आणू विचारता? शाळूचं पीठ आणा. इकडं ज्वारी मिळते, पण भाकरी थापली की चिरते. मंडळी दोन वर्षं तेच बोलतेय.

गिरणवाली, सातारा

परत आलो परवा. ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना सांगायला नको का, म्हणून बसले.

आत्याला साताऱ्यात सांगणं झालंच नाही. गाडीत सांगू म्हटलं, मनमाड गेलं तरी धीर होईना. शेवटी भुसावळला चहाचे कप हातात असताना सांगितलं की आत्या, नाव त्या कमानीवर नाही, शेजारी नवं स्मारक झालंय तिथं आहे. ती बराच वेळ खिडकीतून बघत राहिली. मग म्हणाली, "मग इतकी वर्सं मी नमस्कार कुणाला करीत हुते?"

आमच्या दोघांकडे उत्तर नव्हतं. वरच्या बर्थवरून पोरगा म्हणाला, "आजी, त्या ज्योतीला. ती ७१ वाल्यांचीच होती." सुभेदारसाहेब, त्याने तुमचं उत्तर माझ्या मोबाइलवर वाचलं होतं. आत्याने नुसती मान हलवली आणि गार झालेला चहा प्याली.

हॉटेलचं थोडक्यात सांगते, कारण आठवून डोकं उठतं. फोनवर लिफ्ट आहे म्हणाले होते. लिफ्ट होती, तिच्यात गाद्या रचून ठेवल्या होत्या. खोली तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी बदललं. पैसे निम्मे परत मिळाले, तेही ह्यांनी दुपारची झोप मोडून भांडल्यावर.

विटेकरांचं ऐकून त्याच दिवशी चार वाजता स्मारकात गेलो. रिक्षातून इंडिया गेट दिसलं तेव्हा आत्याने हात जोडले, सवयीने, आणि मग माझ्याकडे बघून हात मांडीवर ठेवले. आत सगळं स्वच्छ, शांत आहे. नाव शोधायला दिलं तर खरंच तीन निघाले. आम्ही कागद काढेपर्यंत आत्याने पलटण आणि तारीख तोंडाने सांगितली, पेन्शनच्या कागदांवर पन्नास वर्षं तेच तर सांगत आलीय. भिंत सापडली.

नाव बरंच वर होतं, तिच्या डोक्याच्या वर चांगलं दोन हात. हात पुरण्याचा प्रश्नच नव्हता. ऊन कलतं, दगड चकचकीत, तिला अक्षर लागेना. पोराने फोटो काढला, मोठा करून समोर धरला, तर तिने मोबाइल बाजूला सारला आणि म्हणाली, "तू वाच." त्याने वाचलं. ती म्हणाली, "शेजारी कोन हाय?" त्याने डावीकडचं वाचलं, उजवीकडचं वाचलं. "त्याच्या फुडं?" असं करत त्याने ती अख्खी ओळ वाचून काढली, मग खालची. प्रत्येक नावाला आत्या हुंकार देत होती, गावात कुणी पाव्हण्यांची ओळख करून द्यावी तशी. एका नावाला म्हणाली, "ह्ये आलेलं बग, पत्र हुतं त्येचं." त्या माणसाने मामांच्या मागे तिला पत्र पाठवलेलं की मामांच्या पत्रात त्याचं नाव होतं, मी विचारलं नाही. ह्यांनी मला खुणेनेच गप्प केलं.

पुष्पचक्राचं आमचं जमलं नाही. पण संध्याकाळी दुसऱ्या एका घरच्यांनी वाहिलं ते बघितलं. सून आणि नातू होता वाटतं. आत्या उभी राहिली तेवढा वेळ, गुडघ्याचं नाव काढलं नाही. जाताना परम योद्धा स्थळात परमवीर चक्रवाल्या २१ जणांचे पुतळे बघितले, ते पोराने आणि ह्यांनी. आम्ही दोघी बाकावर.

पेढे नेले होते तिने, आपले कंदी पेढे. तिथं काही ठेवू नये असं मीच सांगितलं. डबा परत पिशवीत.

बाकी दिल्ली अशी. लाल किल्ला झाला. दिवाण-ए-खासमध्ये पोरगा आणि ह्यांनी मान वर करकरून छत बघितलं, पहारेकऱ्याला वाटलं वर काही आहे, तोही बघू लागला. दौलत की चाट मला आवडली, आत्याचं मत विटेकरांच्या आईसारखंच. कुतुबमिनार ७३ मीटर आहे, आत्याने लांबूनच "चांगला हाय" म्हणून मोकळा केला. त्याच आवारातल्या लोखंडी खांबाशी मात्र थांबली, एवढ्या पावसापाण्यात गंजला कसा नाही म्हणून. गिरणीचे दात दरवर्षी बदलतो आम्ही, तो प्रश्न मलाही पडला. अक्षरधाम राहिलं, तालकटोरा राहिला, यादीतली अकरा राहिली. पोरगा कुरकुरला, मग बंगला साहिबला लंगरमध्ये पंगतीत वाढायला लागला आणि तिथून निघायलाच तयार नाही.

करोलबागेत विटेकरांकडे जेवलो. पिठलं, भाकरी, खर्डा. वैनींनी पीठ परातीत घेतल्या घेतल्या बोटांनी चोळून बघितलं आणि म्हणाल्या, "बारीक दळलंय, पण शाळू ह्या सालचा न्हाई." बरोबर होतं त्यांचं. नवा शाळू फेब्रुवारीत खळ्यावर येतो, मी घरातला मागचा दळला होता. पेढ्यांचा डबा तिथं फुटला. आत्याने तो विटेकरांच्या धाकट्या लेकीच्या हातात दिला आणि कसले पेढे ते सांगितलं नाही.

गिरण कालपासून सुरू आहे, दळणाची रांग रस्त्यावर. वैनी, पाच किलो आहे ते पीठ एप्रिलच्या आत संपवा, उन्हाळ्यात लगेच कडू होतं. नवा शाळू आला की दुसरं पाठवते, गावाकडून कुणी दिल्लीला निघालं की मला कळवा.